चार वर्षांच्या लेकीसोबत ईस्टर, शुक्रवार न गाळता

लहान मूल असलेल्या ख्रिस्ती घरात ईस्टर जवळ आला की एक प्रश्न हमखास उभा राहतो : या पोराला नेमके सांगायचे काय? नाताळचे सोपे असते. बाळ जन्मले, गव्हाणीत ठेवले, मेंढपाळ धावत आले. यातले काहीच लहान मुलाला परके नसते. ईस्टरच्या कथेत मात्र मित्राने केलेला विश्वासघात आहे, खोटा खटला आहे, भर दिवसा दिलेला मृत्युदंड आहे आणि त्यानंतर जे घडते ते मोठ्यांनाही धड शब्दांत मांडता येत नाही. म्हणून पुष्कळ घरांत एक तडजोड होते. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, मुलाच्या हातात झावळी द्यायची, मधले दिवस काही न बोलता ओलांडायचे आणि थेट पुढच्या रविवारी रंगीत अंड्यांची टोपली त्याच्यापुढे ठेवायची.

मला ही तडजोड पटत नाही. आमची लेक चार वर्षांची आहे, आणि तिच्यासोबत ईस्टर पाळताना आमच्या घरात जे काही रुळत गेले ते या न पटण्यातूनच. येशूच्या मरणाचा शुक्रवार गाळला, तर त्याच्या मेलेल्यांतून उठण्याचा रविवार उरतो तो खाऊचा. मुलांना दुःख झेपत नाही, या समजुतीतही मोठ्यांची स्वतःचीच अडचण अधिक दडलेली असते, असे माझे मत झाले आहे.

सुरुवात आम्ही चंद्रापासून करतो. ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते, आणि ती का बदलते हे चार वर्षांच्या मुलीलाही आकाशाकडे बोट दाखवून सांगता येते. इ. स. ३२५ मध्ये निकेया येथे भरलेल्या धर्मपरिषदेने सगळ्या ख्रिस्ती मंडळ्यांनी हा सण एकाच रविवारी पाळावा असे ठरवले. पुढे रूढ झालेला नियम असा की, २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार तो ईस्टर. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान कधीही येऊ शकतो. २००८ साली तो २३ मार्चला आला होता आणि २०३८ साली अगदी शेवटच्या टोकाला, म्हणजे २५ एप्रिलला येणार आहे. पूर्वेकडच्या बहुतेक ऑर्थोडॉक्स मंडळ्या ही गणना जुन्या ज्युलियन पंचांगाने करतात, म्हणून २०२४ साली आमचा ईस्टर ३१ मार्चला झाला तेव्हा त्यांचा ५ मेला होता, आणि लगेच पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, दोघांचाही २० एप्रिलला आला. (चर्चची ही पौर्णिमा कोष्टकावरून काढलेली असते, तेव्हा आकाशातल्या पौर्णिमेशी तिचा एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो. लेकीला हे सांगण्याची घाई नाही.) तिला सांगायचे ते एवढेच की, चंद्र पूर्ण गोल झाला की येशूचा मोठा आठवडा जवळ आला. ज्यूंचा वल्हांडणाचा सण पौर्णिमेलाच येत असल्यामुळे, ज्या गुरुवारी रात्री येशूला पकडले त्या रात्री तो बागेत प्रार्थना करत होता तेव्हाही वर असाच भरलेला चंद्र असणार, हे मात्र मी तिला आवर्जून सांगते. खिडकीतून तो चंद्र पाहताना तिने विचारले होते, "मग येशूला काळोखात भीती नाही वाटली ना?" वाटली, असे मी म्हणाले. शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रग्रंथात, तसेच लिहिले आहे.

ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाचे काय करावे, हा पुढचा प्रश्न. कॅथलिक नियमाप्रमाणे मांसाहार वर्ज्य करण्याचे बंधन चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर लागू होते आणि उपवासाचे त्याहूनही उशिरा, अठरा पूर्ण झाल्यावर. तेव्हा चार वर्षांच्या मुलीकडून खाण्यापिण्याचा त्याग करवून घेणे मला गैर वाटते. वाढत्या वयाच्या मुलाचे ताट कमी करून कोणाचेच पुण्य वाढत नाही. पण वाट पाहणे तिला शिकवता येते, आणि उपवासकाळाचा निम्मा अर्थ वाट पाहण्यातच आहे. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत, म्हणजे पवित्र शनिवारापर्यंत, ४६ दिवस होतात. त्यातले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, म्हणून हा काळ चाळीस दिवसांचा. चाळीस ही संख्या तिच्या आवाक्याबाहेरची असली तरी चाळीस कड्या तिला दिसतात. जांभळ्या कागदाच्या पट्ट्यांची साखळी करून, मधल्या रविवारांसाठी पांढऱ्या कड्या घालून, ती आम्ही दारावर टांगतो आणि रोज झोपण्यापूर्वी एक कडी ती स्वतः कात्रीने कापते. साखळी आखूड होत जाते, हे पाहण्यातच तिचे सगळे समाधान असते.

याहून जास्त रंगले ते आलेलुयाचे प्रकरण. आलेलुया म्हणजे 'देवाची स्तुती करा'. पाश्चात्त्य चर्चमध्ये उपवासकाळात तो शब्द म्हणत नाहीत. तो थेट ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणात पुन्हा कानी पडतो. मध्ययुगात काही ठिकाणी उपवासकाळापूर्वी आलेलुयाला चक्क पुरून टाकण्याची रीत होती. आम्ही तीच रीत घरापुरती उचलली. सासूबाईंनी मोठ्या अक्षरांत कागदावर तो शब्द लिहिला, लेकीने तो हाताला येतील त्या सगळ्या रंगांनी भरला आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात घालून डबा कपाटावर ठेवून दिला. त्यानंतर जो पहारा सुरू झाला, त्याला तोड नाही. तिचे बाबा आंघोळ करताना सवयीने आलेलुयाची चाल गुणगुणले, तर बाहेरून दार बडवून, "बाबा, तो डब्यात आहे!" अशी ताकीद मिळाली. एखादी गोष्ट मुद्दाम दूर ठेवल्यावर तिची ओढ वाढते, हे तिला कोणी समजावून सांगावे लागले नाही.

झावळ्यांच्या रविवाराबद्दल फार लिहीत नाही. मिरवणूक, झावळ्या आणि 'होसान्ना'चा जयजयकार या तीनही गोष्टी लहान मुलांना न शिकवता आवडतात. त्या दिवशी घरी आम्ही एक काम मात्र करतो. पसरट ताटलीत माती पसरून, त्यात एक लहानशी कुंडी आडवी निजवून तिची गुहा करतो, काटक्यांचे तीन क्रूस उभे करतो आणि उरलेल्या मातीत मोहरी पेरतो. मोहरी दोन-तीन दिवसांत डोके वर काढते, म्हणजे रविवार ते रविवार एवढा अवधी तिला नेमका पुरतो. अशी ईस्टरची बाग अनेक देशांतल्या घरांत आणि चर्चमध्ये केली जाते. मुलाला रोज सकाळी पाणी शिंपडण्याचे काम मिळते, आणि आठवडाभर कथा सांगायला समोर जागा तयार असते.

पवित्र गुरुवारचा पाय धुण्याचा विधी तिने देवळात पाहिला होता, पण तो दुरून. घरी तो करायची कल्पना सासूबाईंची. लहानांनी मोठ्यांचे पाय धुणे आपल्याकडे सर्वांच्या परिचयाचे. शुभवर्तमानात घडते ते त्याच्या उलट, येशू आपल्या शिष्यांचे पाय धुतो, म्हणून त्यांनी नातीला खुर्चीवर बसवले आणि गुडघे दुखत असतानाही स्वतः बुटक्या स्टुलावर बसून परात पुढे ओढली. पाणी कोमट होते. आजीचा हात पावलाला लागताच लेकीने पाय मागे घेतला आणि गंभीरपणे म्हणाली, "आजी, तू नको धुऊस. मी तुझे धुते." योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात पेत्र हा शिष्यही येशूला आधी असेच पाय धुऊ देत नाही, आणि ते त्या खोलीत आम्हा मोठ्यांच्या एकदमच ध्यानात आले. आजी म्हणाल्या, "पेत्रबाबा, पाय पुढे करा." मग गुदगुल्या, हसणे, जमिनीवर सांडलेले पाणी आणि बोटांच्या बेचक्यांतून पुन्हा एकदा पाणी सोडण्याचा हट्ट. टॉवेलने पाय कोरडे करताना आजींनी करंगळीसुद्धा सोडली नाही. प्रभुभोजनाचा, म्हणजे त्याच रात्री येशूने शिष्यांसोबत घेतलेल्या शेवटच्या जेवणाचा, अर्थ तिला अजून कळायचा आहे. थोरांनी खाली बसायचे असते, हे मात्र तिला त्या संध्याकाळी कळले असावे.

आता शुक्रवार.

आम्ही तिला सांगितले ते असे : काही लोकांना येशू नकोसा झाला होता. त्यांनी त्याला पकडले, त्याने काहीही वाईट केले नव्हते तरी त्याला क्रुसावर चढवले, आणि तो मेला. त्याची आई जवळच उभी होती. मित्रांपैकी बरेचसे पळून गेले. मग त्याला एका गुहेत ठेवले आणि दारावर मोठा दगड लोटला. एवढेच. चाबूक, खिळे, काट्यांचा मुकुट यांची वर्णने आम्ही केली नाहीत आणि रक्ताने माखलेली चित्रेही दाखवली नाहीत. त्या तपशिलांना वय लागते, आणि ते वय येईल. पण 'मेला' हा शब्द आम्ही बदलला नाही. 'झोपला' किंवा 'देवाघरी गेला' अशी मऊ भाषा लहान मुलांचा गोंधळ वाढवते. मरण म्हणजे झोप असे ऐकलेले मूल रात्री झोपायला घाबरले तर त्यात नवल नाही.

गुड फ्रायडेला देऊळच कथा सांगत असते, फक्त मुलाच्या उंचीवरून ते पाहायला हवे. त्या दिवशी मिस्सा, म्हणजे भाकर-द्राक्षारसाची नेहमीची उपासना, होत नाही. वेदीवर कापड नसते, मेणबत्त्या नसतात, घंटा मुक्या असतात आणि ज्या पेटीत ख्रिस्तशरीर मानली जाणारी पवित्र भाकर ठेवलेली असते ती रिकामी, दार उघडे टाकलेली असते. हे उघडे दार आमच्याआधी लेकीने पाहिले. तिने माझा पदर ओढून विचारले, "आत कोणीच नाही?" क्रुसाचे चुंबन घ्यायला रांग लागली तेव्हा ती पुढे गेली आणि ओठ टेकवण्याऐवजी तिने क्रुसावरच्या पायांवरून तळहात फिरवला. कालच्या परातीची आठवण तिला होती की नाही, मी विचारले नाही.

खरा पेच दुपारी आला. तिचे आजोबा गेल्या वर्षी वारले. तीन-चार वर्षांच्या मुलाला मरण कायमचे असते हे नीटसे उमगत नाही, आणि अशा मुलाला आपण दर ईस्टरला सांगतो की, येशू मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. ते यातून जो निष्कर्ष काढायचा तो काढतेच. जेवण आटोपल्यावर तिने सहज विचारले, "मग आजोबा रविवारी येणार?"

मी सासूबाईंकडे पाहिले. तो प्रश्न माझ्यापेक्षा त्यांचा होता. त्या थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "नाही बाळा. रविवारी आजोबा येणार नाहीत. पहिला येशू उठला. आजोबांना आणि सगळ्यांना तो नंतर उठवणार आहे."

"नंतर म्हणजे कधी?"

"ते मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही."

"मग त्यांची साखळी कर."

या मागणीला आमच्यापैकी कोणापाशीही उत्तर नव्हते, आणि ते ओढूनताणून शोधले नाही याचे मला आज बरे वाटते. प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात ख्रिस्ताला मृतांतून उठलेले पहिले फळ म्हटले आहे. आधी ख्रिस्त, नंतर जे त्याचे आहेत ते. सासूबाईंनी सांगितले ते याच क्रमाने सांगितले. ज्या घरात नुकतेच कोणी गेले आहे तिथे ईस्टरची कथा सांगताना हा फरक स्पष्ट करणे टाळू नये, असे मी कळकळीने म्हणेन. 'नाही, येणार नाहीत' हे वाक्य आधी आणि आशेचे वाक्य नंतर. उलट क्रमाने सांगितले तर मूल रविवारी सकाळी दाराकडे बघत बसेल. शनिवारी सकाळी आम्ही दफनभूमीत जाऊन आजोबांच्या थडग्यावरची पाने झाडली, फुले ठेवली. तिने दगड हाताने चाचपून पाहिला, तो जड आहे का ते विचारले आणि मग शेजारच्या मुंग्यांची रांग बघण्यात ती रमून गेली. मुलांचे शोक असेच तुटक असतात.

शनिवार हा वास्तविक काहीच न घडण्याचा दिवस, आणि म्हणूनच अंडी रंगवायला तो उत्तम. अंडे हे नव्या जीवनाचे प्रतीक, असे एक वाक्य सगळीकडे सांगितले जाते; ते खोटे नाही, पण मला त्यामागचे स्वयंपाकघरातले कारण अधिक आवडते. मध्ययुगात पाश्चात्त्य चर्चच्या उपवासकाळात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य होती. कोंबड्यांना उपवासकाळ ठाऊक नसल्यामुळे त्या अंडी घालतच राहत, अंडी साचत आणि ईस्टरला उपास सुटला की एकदम बाहेर निघत. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजाच्या घरखर्चात १२९० साली ईस्टरसाठी ४५० अंड्यांवर १८ पेन्स खर्च झाल्याची नोंद आहे. ती रंगवून आणि सोन्याचा वर्ख लावून दरबाऱ्यांना वाटली गेली. म्हणजे वाटण्याची हौस जुनी आहे, आणि तिच्या तळाशी वाट पाहणे आहे. पोलंडमध्ये आजही पवित्र शनिवारी अंडी, पाव, मीठ आणि मांसाचे पदार्थ टोपलीत भरून आशीर्वादासाठी चर्चमध्ये नेतात आणि ते रविवारच्या न्याहारीला खातात. ग्रीसमध्ये अंडी गुरुवारी रंगवतात, आणि ती लाल, ख्रिस्ताच्या रक्ताची खूण म्हणून.

बाजारातल्या रंगांच्या पुड्यांपेक्षा स्वयंपाकघरातले रंग मला बरे वाटतात. एक तर ते खाण्यातलेच असतात, आणि दुसरे म्हणजे त्यांत मुलाला पाहण्यासारखे जास्त असते. कांद्याची कोरडी सालपटे महिनाभर साठवून ठेवायची, ती भरपूर पाण्यात अर्धा तास उकळून पाणी गाळायचे, निवल्यावर त्यात दोन-तीन चमचे व्हिनेगर घालायचे आणि त्याच पाण्यात अंडी मंद आचेवर दहा-बारा मिनिटे उकडायची. विटकरी ते गडद तांबूस असा रंग चढतो. त्याआधी कच्च्या अंड्यावर एखादे नक्षीदार पान चिकटवून, वरून जुन्या पातळ मोज्याचा तुकडा घट्ट ताणून बांधला तर पानाखालची जागा फिकी राहते. मोजा सोडून, ओले पान नखाने उचलून बाजूला केले की कवचावर शिरांसकट पान उमटलेले दिसते. लेकीने ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा बोटाने घासून पाहिले, की हे निघते का. निघत नाही. हळदीच्या पाण्यातून पिवळा रंग मिळतो. खरी जादू लाल कोबीच्या पाण्याची : पाणी जांभळे, त्यात बुडवलेले पांढरे अंडे रात्रभर ठेवल्यावर निघते ते निळे. व्हिनेगर घातल्यावर कवचावर बारीक बुडबुडे जमतात, ते कवचातल्या कॅल्शियम कार्बोनेटवर आम्लाची क्रिया होऊन सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचे. लेकीच्या मते अंडे श्वास घेते. ती दुरुस्ती मी पुढे ढकलली आहे.

एक सूचना इथेच : उकडलेली अंडी खायची असतील तर ती दोन तासांहून जास्त वेळ बाहेर ठेवू नयेत, आणि फ्रीजमध्ये ठेवूनही आठवड्याच्या आत संपवावीत. बागेत दडवायची अंडी वेगळी आणि खायची वेगळी, असा सरळ विभाग केला की डोक्याला ताप राहत नाही.

सशाचे काय? ससा अंडी आणतो, ही कल्पना जर्मन भाषक प्रदेशातली. गेओर्ग फ्रांक फॉन फ्रांकेनाउ या जर्मन वैद्याने १६८२ साली तिची नोंद केली आहे, आणि पुढे जर्मन स्थलांतरितांबरोबर ती पेन्सिल्व्हेनियात पोहोचली. फ्रान्समध्ये ससा नसतो. तिथे गुरुवारपासून मुक्या झालेल्या घंटा रोमला उडून गेल्या आहेत आणि परतताना मुलांसाठी अंडी टाकत येतात, असे सांगतात. ऑस्ट्रेलियात सशांनी शेतीची आणि रानांची इतकी नासाडी केली आहे की तिथे बिल्बी नावाच्या देशी प्राण्याची चॉकलेटे विकली जातात. एकूण हा अंडी आणणारा प्राणी गावोगाव बदलतो, यावरूनच त्याचा अधिकार किती ते कळावे. मला त्याचा राग नाही. फक्त, येशू उठला ही गोष्ट आणि सशाने अंडी आणली ही गोष्ट मी लेकीला एकाच सुरात सांगत नाही. पुढे कधीतरी ससा खोटा ठरणारच आहे. तेव्हा त्याच्या बरोबरीने दुसरी गोष्टही टोपलीतून बाहेर पडू नये. म्हणून आमच्याकडे ससा हा खेळ आहे, लेकीलाही तो खेळ म्हणूनच ठाऊक आहे, आणि ससा होण्याची पाळी बाबांची असते. घंटांची फ्रेंच कल्पना मला त्यातल्या त्यात अधिक भावते, कारण ती देवळातल्या मौनाशी जोडलेली आहे.

शनिवारच्या रात्रीचे जागरण लहान मुलाला झेपेल का, यावर घरोघरी वाद असतात. विधी अंधार पडल्यावरच सुरू होतो, जुन्या करारातली वाचने सात असू शकतात आणि प्रवचन वेगळे. आमचा तोडगा असा की, दुपारी तिला सक्तीने झोपवायचे, सुरुवातीला जागे ठेवायचे आणि वाचनांत झोपली तर झोपू द्यायचे. कारण सुरुवात चुकवण्यासारखी नसते. देवळाबाहेर नवा अग्नी पेटतो, त्यावरून पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती पेटवतात आणि काळोख्या देवळात ती एकटी पुढे जाते. मग तिच्यावरून प्रत्येकाची मेणबत्ती. त्या मोठ्या मेणबत्तीवर क्रूस असतो, ग्रीक वर्णमालेतले पहिले आणि शेवटचे अक्षर असते, धूपाचे पाच खडे असतात आणि चालू वर्षाचे चार आकडे असतात. आकडे ओळखण्याची हौस नुकतीच लागलेल्या आमच्या लेकीने ते रांगेतून जाताजाता मोठ्याने वाचले. ग्लोरिया या स्तुतिगीताच्या वेळी घंटा पुन्हा वाजल्या तेव्हा ती बाबांच्या खांद्यावर गाढ झोपलेली होती, दचकून उठली आणि, "घंटा आल्या?" असे विचारून परत झोपली. (लहान मुलाच्या हातात पेटती मेणबत्ती द्यायची तर खाली पुठ्ठ्याची चकती हवी आणि मोठ्या माणसाचा हात तिच्यावर हवाच.)

रविवारी सकाळी सगळ्यात आधी ताटलीतली बाग. मार्काच्या शुभवर्तमानात कबरीकडे निघालेल्या स्त्रिया वाटेत एकमेकींना विचारतात की, दारावरचा दगड आपल्यासाठी कोण लोटील? मुलांना हा प्रश्न फार आवडतो, कारण तो त्यांच्या रोजच्या अडचणींसारखा आहे. लेक आली तेव्हा कुंडीच्या तोंडावरचा दगड बाजूला होता, आत रुमालाची घडी होती आणि भोवती मोहरी हिरवीगार झाली होती. रुमाल बाबांचा, हे तिने ओळखले. त्याने तिचे काही बिघडले नाही. मग मी तिला मग्दालीया मरीयेची गोष्ट सांगितली : ती रडत होती, येशू तिच्या मागे उभा होता आणि तिला वाटले हा माळी आहे. तो तिला नावाने हाक मारीपर्यंत तिने त्याला ओळखले नाही. ही गोष्ट तिने लागोपाठ दोनदा सांगायला लावली, आणि दुसऱ्या वेळी मरीयेच्या जागी स्वतःचे नाव घालून.

अंडी शोधण्याचा खेळ नंतर. वेगवेगळ्या वयांची मुले असतील तर प्रत्येकाला एक रंग नेमून द्यावा. निळी धाकट्याची, तांबडी थोरल्यांची, म्हणजे दहा वर्षांचा दादा पाच मिनिटांत सगळे मैदान मारत नाही. किती लपवली ते लिहून ठेवावे, नाहीतर आठवड्याने वासावरून शोधावी लागतात. शोधून झाल्यावर आमच्याकडे ग्रीक पद्धतीची टक्कर होते. एकाने "ख्रिस्त उठला आहे" म्हणायचे, दुसऱ्याने "खरोखर उठला आहे" म्हणायचे आणि अंड्यावर अंडे आपटायचे. ज्याचे फुटले नाही तो पुढे खेळतो. सासूबाई अंड्याचे निमुळते टोक पुढे धरून दरवर्षी जिंकतात आणि ही युक्ती कोणाला सांगत नाहीत. चॉकलेटच्या अंड्यांची रीत त्यामानाने अलीकडची, एकोणिसाव्या शतकातली; ब्रिटनमध्ये ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने १८७३ साली पोकळ चॉकलेटचे अंडे काढले. ती आम्ही वर्ज्य केलेली नाहीत. एक मोठे अंडे सगळ्यांनी मिळून फोडून खायचे, एवढाच नियम. गोट्यांएवढी कडक कवचाची चॉकलेटे आणि आख्खे शेंगदाणे-बदाम इतक्या लहान मुलाच्या घशात अडकू शकतात, म्हणून ती टोपलीत येत नाहीत.

आणि ईस्टर त्या दिवशी संपत नाही, हे बहुतेक घरांत विसरले जाते. उपवासकाळ चाळीस दिवसांचा, तर ईस्टरकाळ पेन्टेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत, पन्नास. लेकीच्या आवडीची गोष्ट याच दिवसांतली आहे : योहानाच्या शेवटच्या अध्यायात शिष्य रात्रभर जाळी टाकतात, काही मिळत नाही, सकाळी काठावरून कोणीतरी उजवीकडे जाळे टाकायला सांगते आणि १५३ मोठे मासे लागतात. काठावर येऊन पाहतात तर येशूने निखारे पेटवून भाकर आणि मासे तयार ठेवलेले असतात आणि तो म्हणतो, या, न्याहारी करा. मेलेला माणूस उठून मित्रांसाठी स्वयंपाक करतो, यावर ती इतकी खूश आहे की त्या पन्नास दिवसांतल्या एखाद्या रविवारी आम्हाला पहाटे घराबाहेर चटई टाकून न्याहारी करावी लागते.

डब्यातून निघालेला आलेलुयाचा कागद सध्या दारावर, साखळीच्या जागी लावलेला आहे. पेन्टेकॉस्टला तो उतरवावा असे माझे म्हणणे होते. सासूबाई म्हणतात, राखेच्या बुधवारापर्यंत त्याला हात लावायचा नाही, मधले सगळे महिने आलेलुया म्हणायचेच असतात. नियमाने पाहिले तर त्यांचेच बरोबर आहे, आणि लेकीचेही मत त्यांच्याच बाजूने पडले आहे.